नव्या डिस्कवरचा उस्ताद

शेवटचा स्क्रू काकांच्या डाव्या हातातून निसटला आणि थेट कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पोटात जाऊन पडला.

"घ्या! गेला!" काका म्हणाले आणि त्यांनी तो अख्खा कॅबिनेट उचलला, तान्ह्या बाळाला ढेकर काढायला धरतात तसा खांद्याशी धरला आणि हलवू लागले. आत स्क्रू खुळखुळला, पण बाहेर येईना.

"अहो, कंबर धरेल!" काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "पुढच्या रविवारी लेक येणारच आहे ना? तिला करू दे की."

"तिला कशाला? हातपाय शाबूत आहेत माझे."

हे वाक्य काका हल्ली जरा जोरातच म्हणत. काकूंनी जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या संसाराकडे पाहिलं. जुनी चादर, तिच्यावर उघडा पडलेला कॉम्प्युटर, पंख्याच्या पात्यांवर साचलेला धुळीचा थर, एक दात घासायचा ब्रश, एक खोडरबर, आणि कालच बाजारातून आणलेली दोन खोकी. एकात नवी डिस्क, एकात रॅम.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता हे खरंच. सकाळी बटण दाबावं, चहा टाकावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटायचं. काकूंचं म्हणणं होतं, मोडीत घाला. काकांचं म्हणणं होतं, मोडीत काय काढायचं, जरा औषधपाणी केलं की घोड्यासारखा पळेल. औषधपाणी हा काकांचा धंदाच. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं. गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात, तर आपण तरी वेगळं कशाला म्हणायचं.

"बरं, निदान जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर जसंच्या तसं उतरवून घ्या," काकू म्हणाल्या. "लेक म्हणत होती, तसं करता येतं म्हणे. काहीसुद्धा बदलत नाही."

"अगं, जुनी घाण नव्या घरात कशाला? मी सगळं कोरं टाकणार."

"खेळबीळ जाईल तुमचा."

"खेळ परत टाकता येतो. फुकट मिळतो तो."

काकू अजून थोडा वेळ दारातच उभ्या राहिल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "करा काय करायचं ते," आणि आत गेल्या. यंत्रातलं ओ की ठो न कळणाऱ्या या बाईला डिस्क कशी उतरवायची याची एवढी काळजी का, हे काकांच्या डोक्यात तेव्हा आलं नाही. डोकं स्क्रूपाशी होतं.

स्क्रू अखेर निघाला. काकांनी पंखा ब्रशने साफ केला, नवी डिस्क बसवली, तिची पट्टीसारखी केबल जोडली, रॅमच्या दोन्ही पट्ट्या खाचेत दाबल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. आणि मग आतून भोंगा सुरू झाला. एक लांबलचक भोंगा, मग जरा थांबून पुन्हा एक.

"काय झालं हो?"

"काही नाही. बोलतोय तो."

खरं म्हणजे भोंग्याचा अर्थ काकांनाही कळला नव्हता. पण त्यांनी धीर सोडला नाही. रॅम काढली, पट्टीच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हळूहळू फिरवलं, जसं व्हिडिओत पाहिलं होतं अगदी तसं, फुंकर मारली, आणि उजव्या हाताने डाव्या हाताचा अंगठा दाबून पट्टी परत बसवली. डावा अंगठा अजूनही सांगितलेलं लगेच ऐकायचा नाही. टक् असा आवाज आला. बटण दाबलं. या खेपेला भोंगा नाही, एकच बारीक टिक्, आणि पडदा उजळला.

काका खुर्चीत मागे रेलले. बघायला कोणी नव्हतं तरी त्यांनी मिशीवरून बोट फिरवून घेतलं.

तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीत त्यांना नीट बसता येत नव्हतं. अर्धांगाचा झटका डाव्या अंगावर आला होता. हात परत आला, पाय परत आला, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं. नावं मात्र रुसून बसली. समोरच्या माणसाचं नाव, औषधाचं नाव जिभेच्या टोकाशी यायचं आणि परत फिरायचं. औषधवाल्याला नाव आठवू नये म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळेल. एका नावात एका अक्षराची गफलत झाली तर गिऱ्हाईक घरी काय घेऊन जाईल याचा नेम नाही. काकांनी दुकानाची पायरी चढायला साफ नकार दिला. दुकान काकूंनी चालवलं. काकूही शिकलेल्या केमिस्टच, कॉलेजात काकांच्या पुढच्या बाकावर बसायच्या. लेक झाल्यावर त्यांनी काउंटर सोडला होता, तो असा परत धरावा लागला.

काका घरी भिंतीकडे बघत बसायचे. ताट आलं तसं परत जायचं. तेव्हा लेकीने या कॉम्प्युटरवर बुद्धिबळ टाकून दिलं. "बाबा, हा सगळ्यात वरचा खेळाडू आहे. माणसं सहसा याच्यापुढे टिकत नाहीत," ती म्हणाली होती. पडद्यावर समोरच्याच्या नावाच्या जागी लिहिलेलं होतं, उस्ताद.

काकांनी त्याच दिवशी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "ज्या दिवशी याला हरवीन त्या दिवशी दुकानात जाईन. तोपर्यंत नाव काढायचं नाही."

आणि ही काही हौसेखातर बोललेली गोष्ट नव्हती. या घरात बुद्धिबळात कोणी कोणाला सूट देत नसे. लेक सहा वर्षांची असताना पटाशी बसली तेव्हापासून काकांनी तिला एक डाव, एकसुद्धा, फुकट जिंकू दिला नव्हता. ती रडायची, सोंगट्या उधळायची, काकू म्हणायच्या, "अहो, हरा की एकदा, पोर आहे." काका म्हणायचे, "हरलो तर तिला कळेल कधीतरी. मग पुढे खरी जिंकली तरी तिचा स्वतःवर विश्वास बसायचा नाही." पोरगी कॉलेजात गेल्यावर एकदाची जिंकली, तेव्हा अख्ख्या गल्लीत सांगत सुटली होती.

उस्तादने पहिले काही महिने काकांना पार लोळवलं. मग एकदा लेक चार दिवस राहून गेली, जाताना "कॉम्प्युटर जरा साफ केलाय बाबा" म्हणाली, आणि हळूहळू डाव रंगायला लागले. काका म्हणायचे, डोकं उघडतंय. उस्तादची खोडही त्यांच्या ध्यानात आली. तो वजीर फार लवकर बाहेर काढायचा आणि एक घोडा पटाच्या कडेला नेऊन ठेवायचा. "घाबरलाय मला! घायकुतीला आलाय!" काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि एका सकाळी त्यांनी उस्तादवर मात केली. "जिंकलो!" अशी आरोळी ठोकली. काकू आतून धावत आल्या, "वाटलंच होतं मला!" म्हणाल्या, रडल्याही. संध्याकाळी काकांनी स्वतःच्या हाताने दुकानाचं कुलूप उघडलं. तेव्हापासून ते काउंटरवर होते. काकू घरी एकटीला करमत नाही म्हणून सोबत यायच्या आणि बाजूच्या स्टुलावर बसून पिशव्या भरायच्या.

तर आता कॉम्प्युटर खरोखरच घोड्यासारखा पळत होता. सगळं कोरं टाकून झालं, चहा होण्याच्या आत पडदा लागला. काकू शेजारी जाऊन येते म्हणून गेल्या. काकांनी पहिलं काम केलं ते बुद्धिबळ उतरवून घेण्याचं. उघडलं. आणि उस्तादला शोधू लागले.

उस्ताद कुठेच नव्हता. पातळ्या होत्या, एक ते दहा. वर एक रिकामी चौकट होती, समोरच्याचं नाव काय ठेवायचं ते तुम्हीच लिहा म्हणणारी. काकांनी चष्मा पुसला. मग मनाशी म्हणाले, सगळ्यात वरचा म्हणजे दहावाच की. नाव पोरीने हौसेने लिहिलं असेल. त्यांनी दहा निवडला.

डाव रंगलाच नाही. गिऱ्हाइकाला सुटे परत द्यावेत इतक्या पटकन समोरच्याने मात केली. काका हसले. "मशीन जोरात झालंय ना," ते मोठ्याने म्हणाले. "त्याचं डोकंही जोरात चालणार." पुन्हा मांडला, पुन्हा हरले. तिसऱ्यांदा मांडला तेव्हा हसू आलं नाही. हा खेळणारा कोणी वेगळाच होता. वजीर जागेवरच ठेवायचा. घोडे मधे आणायचा. अदबीने, सावकाश, एकेक दार बंद करत यायचा.

मग काका एकेक पातळी खाली उतरू लागले. नऊ. आठ. सात. प्रत्येक ठिकाणी अनोळखी माणूस भेटला आणि त्याने काकांना उठवून लावलं. पाचवर काका बराच वेळ तग धरून होते, कपाळावर घाम आला, अखेर हरले. तीनवर कसेबसे जिंकले. पण जिंकल्याचा आनंद झाला नाही, कारण ते जिंकायला निघालेच नव्हते. ते एका ओळखीच्याला शोधत होते, आणि हाही तो नव्हता.

दोन.

तिसऱ्याच खेळीला वजीर बाहेर आला. पाचव्या खेळीला घोडा पटाच्या कडेला जाऊन बसला.

काकांनी माऊसवरचा हात काढून घेतला. उस्ताद समोर होता. तोच, रोजचा, घायकुतीला आलेला. त्याच्याहून खाली एकच पातळी होती आणि ती बहुधा नुकत्याच पटाशी बसलेल्या पोरांची असावी.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं झालं नाही. उलट अंग गार पडलं. फसवलं. दुसरा शब्द सुचेना. दोन वर्षं रोज सकाळी आपण या बावळटाला हरवत होतो, आणि घरातली दोन माणसं टाळ्या पिटत होती.

त्यांनी फोन उचलला.

"बाबा! झाला का सुरू?" लेकीचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता.

"झाला. उस्ताद कुठल्या पातळीचा होता गं?"

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"तुम्ही कोरं टाकलंत का सगळं?"

"मी काय विचारलं?"

"आधी दहाच होता, बाबा. खरंच. मग मी दोनवर आणला."

"आणि नाव तेच ठेवलंस."

"तुम्ही जेवत नव्हता. आई रोज रात्री फोन करून रडायची. तुम्ही म्हणून बसला होता की हरवल्याशिवाय जाणार नाही. दहाला कोण हरवणार होतं? मीसुद्धा नाही हरवू शकत! मग काय आयुष्यभर भिंतीकडे बघत बसला असतात?"

"आईला माहीत आहे हे?"

"आईनेच सांगितलं मला." लेकीचा आवाज आता रडका झाला. "बाबा, तुम्ही बरे झालात ना? दुकान नीट चाललंय ना? मग काय बिघडलं?"

"तुला मी कधी एक डाव तरी फुकट दिला?"

"नाही."

"एक तरी?"

"नाही, बाबा."

"परक्याने फसवलं असतं तर त्याच्या दारात जाऊन भांडलो असतो. तुमच्याशी कुठे जाऊन भांडू?"

ती रडत होती. काकांनी ऐकून घेतलं. ती लहानपणी हरल्यावर रडायची तेव्हाही ते असेच थांबायचे.

"आईला यातलं काही सांगू नकोस," ते शेवटी म्हणाले.

"असं कसं बाबा..."

"मला दोन वर्षं सांगितलं नाहीस. तिला उद्यापर्यंत सांगितलं नाहीस तर काही आभाळ कोसळत नाही."

फोन ठेवल्यावर त्यांनी मनातल्या मनात एक गोष्ट पडताळून पाहिली. मी बरा आहे का? कालपर्यंत या प्रश्नाला पक्कं उत्तर होतं. दुकानात एखाद्या नावावर जरा अडखळायला झालं की ते मनात म्हणायचे, अरे, उस्तादला हरवणारं डोकं आहे हे, आणि हात मुकाट्याने योग्य खणाकडे जायचा. योग्य खणाकडेच जायचा का? कोण सांगणार? कुणी तक्रार घेऊन आलं नव्हतं. दोन वर्षांत एक माणूससुद्धा चुकीची गोळी घेऊन परत आला नव्हता. तेवढ्या एका गोष्टीला त्यांनी घट्ट धरलं.

काकू परतल्या तेव्हा दिवे लागले होते. चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, "झाला का हो नीट? आणि उस्ताद? आहे का गेला?"

"आहे," काका म्हणाले. पडद्यावर त्यांचा स्वतःचा राजा कोपऱ्यात मरून पडला होता. दहाव्या पातळीचा डाव होता तो, मुद्दाम मांडलेला. "आत्ताच हरवलं त्याला."

काकू जवळ आल्या, पटाकडे पाहिलं. काळे कोण, पांढरे कोण हेही त्यांना कधी कळलं नव्हतं.

"वाटलंच होतं मला!" त्या म्हणाल्या. तोच आवाज, तीच खुशी, आणि खांद्यावर तीच थाप. "तुमच्यापुढे टिकतोय होय तो!"

इतकं छान म्हणाल्या, की काकांना क्षणभर खरंच जिंकल्यासारखं वाटलं. मग त्यांनी पडदा बंद केला.

सकाळी नेहमीसारखं काकांनी शटर वर केलं, पांढरा कोट चढवला, काउंटर पुसला. काकू स्टुलावर बसल्या आणि कागदी पिशव्यांचा गठ्ठा सोडवू लागल्या. काकांनी त्यांच्याकडे आज जरा नीट पाहिलं. कॉलेजात हिचा नंबर नेहमी आपल्या वर असायचा. शिकलीसवरलेली केमिस्ट बाई गेली दोन वर्षं पिशव्या भरत बसली आहे, आणि आपल्याला त्यात काहीही खटकलं नाही. करमत नाही म्हणाली आणि आपण मान डोलावली.

पहिली दोन गिऱ्हाइकं गेली. तिसरा आला तो कोपऱ्यावरचा शिंपी. रोजचाच माणूस. हातापायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टरने त्याला ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, बी जीवनसत्त्वाच्या.

काकांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग वळून बी जीवनसत्त्वाच्या खणापाशी गेले आणि मुद्दाम, अगदी समजून उमजून, त्याच्या शेजारच्या खणातून कॅल्शियमची एक पट्टी काढली. शिंप्याने एखादी खाल्लीच तरी काही होणार नव्हतं, आणि पट्टी उंबरठ्याबाहेर जाण्याच्या आत ते स्वतः त्याला हाक मारणार होते. त्यांनी ती पट्टी काउंटरवरून काकूंकडे सरकवली.

"काय म्हणताय मास्तर?" काकू शिंप्याला म्हणत होत्या. "पडदे कधी देताय? खिडक्या उघड्याच आहेत अजून!"

"दिले म्हणून समजा काकू. या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यातही असंच म्हणालात!"

शिंपी हसला. काकूही हसल्या. त्यांची नजर शिंप्याच्या तोंडावरच होती. डाव्या हाताने त्यांनी पट्टी उचलली, अंगठ्याने तिच्या पाठीवरचं नाव चाचपल्यासारखं केलं, नजर तेवढीच एकदा खाली जाऊन वर आली, आणि पट्टी काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये गेली. त्याच ड्रॉवरमधून दुसरी पट्टी निघाली आणि पिशवीत पडली. ड्रॉवर गुडघ्याने बंद झाला. आवाजसुद्धा झाला नाही. बोलण्यात खंड पडला नाही, हसण्यातही नाही.

"हे घ्या. आणि पडदे!"

शिंपी पिशवी घेऊन पायरी उतरला. काकांना हाक मारायची गरजच उरली नाही.

पहिल्यांदाच चूक सापडली असती तर बाई दचकली असती. "अहो, हे काय दिलंत?" म्हणाली असती. निदान हात अडखळला असता. हा हात अडखळला नाही. ज्या ड्रॉवरमध्ये रबरबँड असतात असं काकांना वाटत होतं, त्यात बी जीवनसत्त्वाची पट्टी आधीपासून तयार होती. आणि आणखी काय काय तयार असेल? रोज दुकान बंद करताना काकू म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा आवरून येते." काका शटरपाशी किल्ल्या वाजवत उभे राहायचे. त्यांना वाटायचं, बायकांचं आवरणं संपत नाही.

"काय हो, असं काय बघताय?" काकूंनी विचारलं.

"तुझे हात बघतोय."

"हातांना काय झालंय?"

"सवय झालीये त्यांना."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण हात थांबले. त्यांनी ड्रॉवरकडे पाहिलं, मग काकांकडे.

"किती वेळा गं?" काकांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता, दुकानातल्या कोणालाही वाटलं असतं की एखाद्या गोळीचा डोस विचारतायत.

काकूंनी गुडघा पुढे करून मघाशीच बंद केलेला ड्रॉवर पुन्हा एकदा दाबला, तो उघडा राहिला की काय अशा धास्तीने.

पुढचं गिऱ्हाईक काउंटरपाशी येऊन उभं राहिलं. बाई होती, कडेवर तापाने फणफणलेलं पोर. तिने चिठ्ठी काकांच्या पुढे धरली.

"काका, जरा लवकर देता का?"

काकांनी चिठ्ठीकडे पाहिलं. अक्षर स्वच्छ होतं, नावं ओळखीची होती. त्यांनी हात पुढे केला नाही. कोटाचं वरचं बटण सोडलं, मग खालचं. डाव्या अंगठ्याने जरा वेळ घेतला.

"काकूंकडे दे," ते म्हणाले.